गाडीवरचं प्लास्टिक: काय काढायचं, काय लावायचं



मागच्या भाषणात बॅटरीवरच्या गाडीचं चार्जिंग घरी कसं करायचं, ते आपण पाहिलं. त्यानंतर गटांच्या बैठकांमध्ये बऱ्याच जणींनी एकच विषय काढला. नवी गाडी घ्यायला गेलं की कोणीतरी भेटतो आणि म्हणतो, “ताई, फिल्म मारून घ्या, गाडी कायम नव्यासारखी राहील.” ही फिल्म म्हणजे नक्की काय? ती घ्यावी का? आणि गाडीसोबत जे प्लास्टिक येतं तेच तसंच ठेवलं तर चालत नाही का? आज याच प्रश्नांवर बोलू.

विषय वरवरचा वाटेल, पण आमच्या गटांमध्ये तो पैशाचा आणि पोटापाण्याचा झाला आहे. काही जणींनी बॅटरीवरच्या स्कूटर घेतल्या, काही जणींनी ई-रिक्षा. राज्य शासनाच्या पिंक ई-रिक्षा योजनेत १० टक्के रक्कम बाईने भरायची, २० टक्के शासन देतं आणि उरलेलं ७० टक्के बँकेचं कर्ज असतं. म्हणजे गाडी दारात उभी राहते तेव्हाच तिच्यावर हप्ता बसलेला असतो. अशा वेळी कोणी आणखी दहा-बारा हजारांचा खर्च सुचवला, तर तो कशासाठी आहे हे कळायलाच हवं.

कारखान्यातून आलेलं प्लास्टिक

नव्या गाडीच्या सीटवर पातळ पारदर्शक पिशवीसारखं प्लास्टिक असतं. दाराच्या आतल्या बाजूला, स्क्रीनवर, चकचकीत काळ्या पट्ट्यांवर चिकट कागदासारखी पापुद्रे असतात. हे सगळं कारखान्यातून शोरूमपर्यंतच्या प्रवासासाठी लावलेलं असतं. वाटेत धूळ बसू नये, मजुरांच्या हाताचे डाग पडू नयेत, एवढंच त्याचं काम. गाडी आपल्या ताब्यात आली की ते काम संपलं.

आपल्याकडे मात्र ते काढवत नाही. सोफ्याचं प्लास्टिक, टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक, तसंच गाडीच्या सीटचं. “राहू दे, नवी दिसते,” असं म्हणत वर्ष निघून जातं. त्याने गाडी जपली जात नाही, उलट बिघडते. कशी, ते सांगतो.

पहिलं म्हणजे घाम आणि दमट हवा. प्लास्टिकमधून हवा जात नाही. खाली गेलेलं पाणी सुकत नाही. पावसाळ्यात ओल्या साडीने, ओल्या रेनकोटने आपण बसतो, शिवणीच्या भोकांतून ओल आत उतरते आणि फोमला कुबट वास येतो. कोकणात तर बुरशीच धरते.

दुसरं म्हणजे घसरण. गुळगुळीत प्लास्टिकवर सुती साडी घसरते आणि सिंथेटिक त्याहून जास्त. रिक्षात प्रवाशाला पट्टा नसतो. जोरात ब्रेक लागला की मागे बसलेली म्हातारी आजी पुढे येते. ज्या गाडीवर आपण भाडं घेतो तिच्यात ही जोखीम ठेवायची नाही.

तिसरं म्हणजे ऊन. आमच्या सोलापूर भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वरच असतो. बंद मोटार उन्हात उभी केली, तर अर्ध्या तासात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा जवळपास २० अंशांनी चढतं. (म्हणूनच लहान मुलाला बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवायचं नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.) एवढ्या उष्णतेत त्या तात्पुरत्या पापुद्र्याचा गोंद भाजून निघतो. सहा महिन्यांनी काढायला जावं तर प्लास्टिकचे तुकडे निघतात आणि गोंद खालीच राहतो.

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं. बऱ्याच मोटारींमध्ये पुढच्या सीटच्या पाठीत, दाराकडच्या बाजूला एअरबॅग असते. तिथे शिवणीत एअरबॅग लिहिलेली छोटी चिठ्ठी दिसते. अपघात झाला की ती पिशवी शिवण फाडून डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर येते. वरून प्लास्टिक किंवा जाड कव्हर ताणून बसवलं असेल तर ती उशिरा किंवा वाकडी उघडू शकते. म्हणून अशा सीटवर प्लास्टिक ठेवायचं नाही. कव्हर घालायचंच असेल तर एअरबॅगच्या जागी उघडणारी शिवण असलेलं, त्याच गाडीसाठी बनवलेलं घ्यायचं.

तेव्हा नियम साधा आहे. गाडीची पूजा झाली, नारळ फुटला, की त्याच दिवशी हे प्लास्टिक काढायचं. ते जाळायचं नाही. सुक्या कचऱ्यात द्यायचं, आणि मोठ्या पिशव्या लहान मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडी लागू द्यायच्या नाहीत.

विकत मिळणारी फिल्म कोणकोणती

दुकानात गेलं की एका दमात दहा नावं ऐकवतात. त्यातली मुख्य ओळखून ठेवू.

बाहेरच्या रंगावर लावतात ती पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म. या प्रकारच्या फिल्मची सुरुवात व्हिएतनाम युद्धाच्या काळात झाली. अमेरिकी सैन्याच्या हेलिकॉप्टरची पाती वाळू आणि खड्यांनी झिजू नयेत म्हणून त्यांना चिवट पारदर्शक पट्टी लावली जायची. पुढे ती मोटारींवर आली. आजची चांगली फिल्म टीपीयू नावाच्या रबरासारख्या ताणणाऱ्या प्लास्टिकची असते. जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे आपले दोन-तीन केस एकावर एक ठेवल्याइतकी. तिच्या वरच्या थरामुळे बारीक चरे उन्हाच्या उबेने मिटतात. खोल ओरखडा मात्र मिटत नाही, हे विकणारा सहसा सांगत नाही.

स्वस्तातली फिल्म बहुधा पीव्हीसीची असते. ती कडक असते, वळणावर नीट बसत नाही, आणि उन्हात पिवळी पडते, आकसते. हातात धरून ताणून पाहा. टीपीयू ताणली जाते आणि परत जागेवर येते. पीव्हीसी एवढी ताणली जात नाही.

स्क्रीनसाठी मोबाईलला लावतो तशी पातळ फिल्म किंवा काच मिळते. चकचकीत आणि मंद, असे दोन प्रकार असतात. स्कूटर-रिक्षाचा स्क्रीन उघड्या उन्हात असतो, तिथे मंद प्रकार बरा, कारण ऊन डोळ्यांवर परतत नाही.

कोटिंग हा वेगळा प्रकार आहे. सिरॅमिक म्हणा, टेफ्लॉन म्हणा, ते द्रव असतं आणि पुसून लावतात. त्याने चमक येते, पाणी ओघळून जातं, पण खडा लागला तर ते रंग वाचवत नाही. फिल्मचे पैसे घेऊन कोटिंग लावलं जात नाही ना, एवढं पाहायचं.

बॅटरीच्या गाडीत फिल्म कुठे कामाची

पेट्रोलच्या जुन्या गाडीत काटे असायचे. एक काटा बिघडला तरी बाकीचे चालायचे. बॅटरीच्या गाडीत वेग, उरलेलं चार्जिंग, अजून किती किलोमीटर जाईल, कुठे बिघाड आहे, हे सगळं एका स्क्रीनवर दिसतं. काही मोटारींत एसीसुद्धा स्क्रीनवरूनच लावायचा असतो. तो स्क्रीन ओरखड्यांनी धुरकट झाला तर चार्जिंगचा आकडा वाचता येत नाही, आणि रिक्षावाल्या बाईला तो आकडा म्हणजे आजचं अजून एक भाडं घ्यायचं की घरी परतायचं, याचं उत्तर असतं. म्हणून पहिली फिल्म स्क्रीनला. खर्च थोडा, उपयोग रोजचा.

दुसरी जागा चार्जिंगच्या झाकणाभोवतीची. रोज चार्जरचं तोंड तिथे लावताना हात हुकतो आणि रंगावर चरे पडतात. झाकणाभोवती पट्टी लावायची. आतल्या धातूच्या टोकांना मात्र स्पर्शही करायचा नाही.

तिसरी जागा दाराचा उंबरा. चढता-उतरता चपलेची टाच तिथेच घासते. स्कूटरला हीच गोष्ट पाय ठेवायच्या जागेची. तिथे भाजीची पोती, पाण्याचा कॅन, दळणाचा डबा, सगळं घासत असतं. इथे पातळ फिल्मपेक्षा रबराची चटई किंवा जाड पट्टी जास्त टिकते.

चौथी जागा दाराच्या कडीमागची वाटी. बांगड्या, अंगठ्या आणि नखं यांचे चरे तिथे गोल गोल उमटतात. तळहाताएवढा तुकडा पुरतो.

पाचवी, आतल्या चकचकीत काळ्या पट्ट्या. नुसत्या कोरड्या फडक्यानेही त्यांच्यावर चरे येतात. गाडी विकायची वेळ आली की घेणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

एवढ्या पाच जागा झाल्या की आतल्या बाजूचं बहुतेक काम झालं. सगळ्या गाडीला फिल्म गुंडाळायची गरज आमच्या बहुतेक सभासदांना नाही.

कुठे अजिबात लावायची नाही

हा भाग लिहून घ्या.

एअरबॅगच्या झाकणावर लावायची नाही. ती स्टिअरिंगच्या मधोमध आणि डाव्या बाजूच्या डॅशबोर्डमध्ये असते. तिथे फिल्म नको, चिकटवलेली शोभेची वस्तूही नको. गणपती ठेवायचा तर तो एअरबॅगच्या झाकणावर येणार नाही अशा जागी ठेवा. पिशवी उघडली तर वरची वस्तू थेट तोंडावर येते.

स्टिअरिंगची कडा, हँडलच्या मुठी आणि ब्रेकची पट्टी यांच्यावर नको. हात-पाय घसरतो.

कॅमेरा, आणि बंपरवर दिसणारे छोटे गोल सेन्सर झाकायचे नाहीत. नव्या मोटारींत पुढच्या गाडीचं अंतर ओळखणारं रडार लोगोच्या किंवा बंपरच्या मागे असतं. तिथे फिल्म लावायची तर कंपनीच्या पुस्तिकेत काय म्हटलंय ते आधी पाहायचं.

हवा येण्या-जाण्याच्या जाळ्या झाकायच्या नाहीत. बॅटरी, मोटर आणि चार्जर यांना थंड राहायला हवा लागते. पावसाळ्यात काही जणी चार्जरला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून चार्जिंग करतात. तसं करू नका. चार्जर तापतो, त्याची उष्णता बाहेर पडली पाहिजे. चार्जर कोरड्या, आडोशाच्या जागी ठेवणं हा त्यावरचा उपाय.

बॅटरीवरचे धोक्याचे स्टिकर आणि चासी नंबर झाकायचा नाही. आणि मोटारीत नारंगी रंगाच्या जाड वायरी दिसल्या तर त्यांच्या वाटेला जायचं नाही. त्या जास्त दाबाच्या विजेच्या असतात. दिसू नयेत म्हणून त्या झाकायच्या नाहीत, त्यांच्या आसपास खिळा-स्क्रू मारायचा नाही. सीट कव्हर बसवणारा कुठे भोक पाडणार आहे, ते त्याला आधी विचारा.

काचेवरची काळी फिल्म

बॅटरीच्या गाडीत एसी चालवला की चार्जिंग लवकर उतरतं. म्हणून काचेला ऊन अडवणारी फिल्म लावा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. इथे कायदा माहीत हवा.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०० क्रमांकाचा नियम सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार गेला पाहिजे. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचेवर वरून फिल्म चिकटवायलाच मनाई केली. पुढे नियमात बदल झाला, आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मर्यादेत बसणारी फिल्म चालते असं म्हटलं. पण रस्त्यावर पोलीस मोजतात तो प्रकाश.

त्यात एक हिशोबाची गंमत आहे. समजा गाडीच्या मूळ काचेतून ७५ टक्के प्रकाश जातो. तिच्यावर दुकानदाराने ७० टक्केवाली फिल्म लावली आणि म्हणाला, “ताई, नियमातच आहे.” प्रत्यक्षात पार गेला किती? ७५ चे ७० टक्के, म्हणजे साडेबावन्न. पुढच्या काचेला हे नियमाबाहेर गेलं. दंड दुकानदाराला होत नाही, गाडीवालीला होतो.

आमचा सल्ला असा की काचेच्या फिल्मवर पैसे घालू नका. गाडी उभी असताना पुढच्या काचेला आतून चंदेरी पत्रा लावा, चालवताना काढून ठेवा. सावली शोधा. सीटवर सोलापुरी चादर टाकून ठेवा, बसताना उचला. गाडी निघण्याआधी दोन्हीकडची दारं मिनिटभर उघडी ठेवली की कोंडलेली उष्णता निघून जाते आणि एसीवरचा भार कमी होतो.

घरी कशी लावायची

छोटे तुकडे आपण स्वतः लावू शकतो. ज्या हातांना ब्लाउजचा कटोरी नमुना कापता येतो त्यांना हे अवघड नाही.

आधी जुन्या वर्तमानपत्राचा नमुना कापून जागेवर बसवून पाहा. कडेपासून दोन मिलिमीटर आत घ्या, कारण अगदी कडेपर्यंत गेलेली फिल्म लवकर उचलते. कोपरे टोकदार ठेवू नका, गोल करा. मग त्या नमुन्यावरून फिल्म टेबलावर कापा. गाडीवर ठेवून ब्लेड कधीच फिरवायचं नाही. फिल्मसोबत रंग किंवा रेक्झिनही कापलं जातं.

वेळ सकाळची किंवा संध्याकाळची, जागा सावलीची, पंखा बंद. शेजारी कोणी झाडू मारत असेल तर थांबा. जागा साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करा. स्प्रेच्या बाटलीत स्वच्छ पाणी घ्या आणि त्यात लहान मुलांच्या शाम्पूचे तीन-चार थेंब टाका. उंबरा, कडीमागची वाटी, चार्जिंगच्या झाकणाभोवतीचा रंग, अशा बाहेरच्या भागावर हे पाणी फवारा. झाकण मात्र तेव्हा घट्ट बंद हवं. फिल्मच्या चिकट बाजूवरही फवारा, म्हणजे ती सरकवून जागेवर आणता येते. मग रबराच्या पट्टीने मधून कडेकडे दाबत पाणी बाहेर काढा. कडांवर हेअर ड्रायर लांबून, हलक्या उबेने फिरवा. त्यानंतर दोन दिवस तिथे धुवायचं नाही.

पाण्याचे बारीक बुडबुडे राहिले तर घाबरू नका, ते काही दिवसांत सुकतात. हवेचा फुगा मात्र आपोआप जात नाही, तो लगेच कडेला ढकला. आणि धुळीचा कण अडकला तर तो कायमचा, म्हणून पुसण्यात वेळ घालवा, लावण्यात नाही.

स्क्रीनला मात्र पाणी फवारायचं नाही. कडेतून आत गेलं तर खर्च मोठा होतो. गाडी बंद करा, मऊ फडकं किंचित ओलं करून स्क्रीन पुसा, कोरडा करा. फिल्म आधी न सोलता जागेवर ठेवून एका बाजूने चिकटपट्टीने अडकवा, म्हणजे दाराला बिजागरी असते तशी ती उघडते-मिटते. मग मागचा कागद थोडा थोडा सोलत, फिल्म हळूहळू खाली टेकवत न्या.

काढायची कशी

जुनी फिल्म ओढून फाडायची नाही. हेअर ड्रायरने ऊब द्या, एक कोपरा नखाने उचला आणि फिल्म स्वतःवरच उलटी दुमडून, गाडीच्या अंगाला लागून हळूहळू ओढा. सरळ वर ओढली तर खालचा रंग किंवा छपाई निघून येते.

गोंद उरला तर आधी बोटाने चोळून गोळी करा. रंगावर किंवा कडक प्लास्टिकवर थोडं खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवलं की गोंद सुटतो. मग साबणाच्या पाण्याने पुसा. कापडी सीटवर आणि स्क्रीनवर तेल नको. खरवडायचं तर जुनं एटीएम कार्ड मऊ कापडात गुंडाळून वापरा. सुरी, ब्लेड, भांड्यांची घासणी नाही.

पेट्रोल, रॉकेल, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रव यांतलं काहीही वापरू नका. प्लास्टिक पांढरं पडतं किंवा विरघळतं, दिव्याच्या काचेला तडे जातात, आणि गाडीत पेट्रोलची वाफ कोंडली तर तो वेगळाच धोका. हात धुवायचं सॅनिटायझर आणि काच पुसायचं द्रवही स्क्रीनवर नको, त्यावरचा पातळ थर निघतो.

हिशोब गटात मांडा

आमच्या एका गटात मासिक बैठकीत अर्ज आला. ताईंनी नवी ई-रिक्षा घेतली होती. फिल्म लावणाऱ्याने बारा हजारांचं पॅकेज सांगितलं होतं: बाहेरून फिल्म, सीटला जाड प्लास्टिक, डॅशबोर्डला पॉलिश आणि स्क्रीन गार्ड. त्यासाठी गटाकडून अंतर्गत कर्ज हवं होतं.

आम्ही फळ्यावर मांडणी केली. १२,००० रुपये, महिना २ टक्के, १२ हप्ते. दर महिन्याला मुद्दल १,००० फिटणार आणि उरलेल्यावर व्याज. पहिल्या महिन्याचं व्याज २४०, शेवटच्याचं २०. वर्षाचं एकूण व्याज १,५६०. म्हणजे बारा हजारांचं पॅकेज १३,५६० ला पडणार, आणि बँकेचा हप्ता वेगळाच.

मग एकेक वस्तू घेऊन विचारलं: ही नसेल तर भाडं कमी मिळेल का? गाडी बंद पडेल का? कोणाला इजा होईल का? सीटच्या प्लास्टिकवर एक वयस्क सभासद म्हणाल्या, “मी अशा रिक्षात बसले होते. उन्हात तापतं, घाम येतो आणि वळणावर घसरायला होतं. मी तर पुन्हा बसणार नाही.” ते तिथेच खोडलं. पॉलिश खोडलं, कारण डॅशबोर्ड ओल्या फडक्याने पुसला तरी साफ राहतो. बाहेरची फिल्म नेमकी कशाची, हे त्या माणसाला सांगता आलं नव्हतं, तीही खोडली. उरलं काय? स्क्रीनची फिल्म, पाय ठेवायच्या जागेची रबर चटई आणि हवा खेळणारं, धुता येईल असं सीट कव्हर. सगळं मिळून २,६०० रुपये. तेवढं कर्ज मंजूर करून प्रोसिडिंगमध्ये ठराव लिहिला. ताई आधी नाराज होत्या, ते साहजिक आहे. नवी गाडी जिवापाड जपावी वाटते. पण बैठकीतच ठरलं की जे वाचलं त्यातून दर महिन्याला थोडी रक्कम पुढच्या वर्षीच्या विम्यासाठी बाजूला टाकायची. विमा नसेल तर गाडी रस्त्यावर काढताच येत नाही.

मोटार असलेल्या घरांनीही हाच हिशोब करावा. सबंध मोटारीला चांगली टीपीयू फिल्म लावायची तर खर्च ५० हजारांपासून लाखाच्या पुढे जातो. महामार्गावर रोज धावणाऱ्या महागड्या गाडीला ते परवडेल. आठवड्यातून एकदा देवदर्शनाला जाणाऱ्या गाडीला बॉनेटची पुढची कडा, दाराच्या कडा आणि कड्यांच्या वाट्या एवढं पुरे.

फिल्म घ्यायचीच असेल तर पक्कं बिल घ्या. त्यावर फिल्म कशाची, जाडी किती, हमी किती वर्षांची आणि पिवळी पडली तर काढायचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्या. तोंडी हमी हप्त्याच्या दिवशी उपयोगी पडत नाही.

तुमचे काही प्रश्न

एका बहिणीने विचारलं, फिल्म लावली तर कंपनीची वॉरंटी जाते का? नुसत्या फिल्मने सहसा जात नाही. पण लावताना वायर कापली, भोक पाडलं, सेन्सर झाकला आणि त्यातून बिघाड झाला, तर कंपनी हात वर करू शकते. सर्व्हिस सेंटरला आधी लेखी विचारा.

दुसरीने विचारलं, रिक्षाला रंगीत फिल्म लावून वेगळी दिसावी असं वाटतं, चालेल का? गाडीचा रंग आरसी बुकात नोंदलेला असतो. तो बदलायचा तर आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. योजनेतल्या गुलाबी रिक्षाचा तर रंग हीच ओळख आहे. पारदर्शक फिल्म लावा, रंगीत नको.

तिसरीचा प्रश्न आम्हाला फार आवडला: हे काम आपण शिकून धंदा करू शकतो का? करू शकतो. स्प्रेची बाटली, रबराची पट्टी, कटर, ड्रायर आणि मऊ फडकी, एवढ्यावर सुरुवात होते. शिवणकाम करणाऱ्या बाईचा हात कापण्यात सरावलेला असतो. पण एकदम मोटारी घेऊ नका. स्कूटरचे स्क्रीन, कड्यांच्या वाट्या, उंबरे यांपासून सुरुवात करा. भंगारातल्या दारावर आणि जुन्या पत्र्यावर हात बसवा. आणि एअरबॅग कुठे असते, सेन्सर कुठे असतात, हे ज्या दिवशी न चुकता सांगता येईल, त्या दिवशी दुसऱ्याच्या गाडीला हात लावा.

तर मैत्रिणींनो, थोडक्यात सांगायचं तर कारखान्याचं प्लास्टिक पहिल्याच दिवशी काढा. रोज घासतं तिथेच फिल्म लावा. हवा, एअरबॅग, सेन्सर आणि काच मोकळी ठेवा. आणि खर्च करण्याआधी तो गटात फळ्यावर मांडा. पुढच्या भाषणात गाडीच्या विम्याचा कागद कसा वाचायचा ते पाहू. तुमच्याकडे जुना विमा कागद असेल तर तो हाताशी घेऊन बसा.

नमस्कार.